लिहिलेली सीडी फक्त आमच्याच संगणकावर उघडते : सेशन बंद करणे आणि फायनलाइझ करणे याविषयी

कर्वेनगर_पुणे (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वडील चातुर्मासात आमच्या जुन्या वाड्यात प्रवचने करीत असत. त्यांच्या २२ कॅसेट आईने कापडी पिशवीत बांधून लोखंडी कपाटात जपून ठेवल्या होत्या. वडिलांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. या उन्हाळ्यात मी त्या सर्व कॅसेट संगणकावर उतरवून घेतल्या. प्रत्येक कॅसेट साठ मिनिटांची असून, नुसता बोलण्याचा आवाज असल्यामुळे ६४ केबीपीएस मोनो एमपीथ्री पुरेशी ठरली. तासाला सुमारे २९ एमबी या हिशेबाने सर्व मिळून ६३४ एमबी झाले, म्हणजे ७०० एमबीच्या एका सीडीत सगळे मावले. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमात मी बारा नातेवाइकांना या सीडीची एकेक प्रत आईच्या हातून दिली.

तिसऱ्या दिवसापासून फोन येऊ लागले. चिंचवडच्या मावसभावाच्या जुन्या डेस्कटॉपवर सीडी कोरी दिसते. साताऱ्याच्या आत्यांकडे ड्राइव्ह बराच वेळ घरघरतो आणि मग डिस्क घाला असा संदेश येतो. मिरजेलाही तोच प्रकार झाला आहे. माझ्या संगणकावर मात्र घरी ठेवलेली तेराव्या क्रमांकाची प्रत व्यवस्थित उघडते, सर्व फाइल्स दिसतात आणि वाजतातही. माझ्याकडे विंडोज १० असून यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर आहे. कोरी सीडी घातल्यावर विंडोजने विचारलेल्या दोन पर्यायांपैकी मी 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हप्रमाणे' हा पहिला पर्याय निवडला होता. ही सर्व मेहनत वाया गेली आहे का, आणि दिलेल्या प्रती दुरुस्त होऊ शकतात का, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

तापकीर_गल्ली

काका, नमस्कार. सर्वांत आधी दिलासा देतो. आपल्या सीडीवरील मजकूर बहुधा जसाच्या तसा आहे, फक्त तो इतर ड्राइव्हना दिसावा यासाठी लागणारी शेवटची नोंद झालेली नाही. मी गेली वीस वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि 'माझ्याकडे चालते, त्यांच्याकडे चालत नाही' या तक्रारीने आलेल्या सीडींमध्ये हेच कारण मला वारंवार सापडले आहे.

सीडीवर लेखन आतून बाहेर होत जाते. छापील, म्हणजे कारखान्यात दाबून तयार केलेल्या सीडीवर सर्वांत आत लीड-इन नावाचा पट्टा असतो, मग मजकूर असतो आणि शेवटी लीड-आउट असतो. कुठला मजकूर कुठे सुरू होतो याची सूची लीड-इनमध्ये असते आणि कोणताही ड्राइव्ह सीडी आत गेल्याबरोबर प्रथम तीच सूची वाचतो. घरी लिहिण्याच्या सीडी-आरवर मात्र ही सूची आधीपासून असू शकत नाही, कारण मजकूर किती आणि कोणता येणार हेच अद्याप ठरलेले नसते. म्हणून फिलिप्स आणि सोनी यांनी 'ऑरेंज बुक' या नावाने जे मानक केले, त्यात लीड-इनच्याही आतल्या बाजूला आणखी दोन छोट्या जागा राखून ठेवल्या. त्यांपैकी एका जागेत रायटर आपल्या लेसरची ताकद अजमावून पाहतो आणि दुसऱ्या जागेत चालू लेखनाची तात्पुरती नोंद ठेवतो.

व्यापाऱ्यांच्या जुन्या पद्धतीत सांगायचे तर ही तात्पुरती जागा म्हणजे कच्ची वही होय आणि लीड-इनमधील सूची म्हणजे पक्की खतावणी होय. कच्ची वही वाचणे फक्त रायटरला जमते. केवळ वाचणारा सीडी-रॉम ड्राइव्ह, गाडीतला किंवा घरातला सीडी प्लेअर त्या जागेकडे जातच नाही. तो सरळ खतावणी शोधतो आणि ती सापडली नाही की सीडी कोरी आहे असे मानतो. एका खेपेत लिहिलेल्या मजकुराला सेशन म्हणतात. सेशन बंद करणे म्हणजे कच्च्या नोंदी पक्क्या खतावणीत उतरवणे आणि शेवटी लीड-आउट लिहिणे. हे न करता सीडी बाहेर काढली तर ती आपल्या रायटरवर उघडते आणि परक्या ड्राइव्हवर उघडत नाही.

घरची तेरावी प्रत पुन्हा त्याच रायटरमध्ये घाला. 'धिस पीसी'मध्ये त्या ड्राइव्हवर उजवी कळ दाबून येणाऱ्या यादीत 'क्लोज सेशन' हा पर्याय निवडा. काम पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत यूएसबीची वायर हलवू नका आणि ट्रेचे बटण दाबू नका. एक गोष्ट मात्र मला खटकते. विंडोज १० मध्ये या पद्धतीने लिहिलेली सीडी बाहेर काढताना सेशन आपोआप बंद होते, तशी मूळ व्यवस्थाच आहे. मग आपल्या बारा प्रतींच्या बाबतीत ते का झाले नाही, हे शोधायला हवे.

औंध_वाचक

या चर्चेत एक शंका विचारतो. सेशन बंद करणे आणि फायनलाइझ करणे हे एकच की वेगळे? आमच्या सोसायटीच्या सभांची ध्वनिमुद्रणे मी दर वर्षी एकाच सीडीवर पुढे पुढे जोडत आलो आहे आणि ती सीडी लेखापरीक्षकांच्या संगणकावर आजवर विनातक्रार उघडली आहे.

तापकीर_गल्ली

वेगळे आहे, आणि आपल्या सीडीचे उदाहरण त्यासाठी फार चांगले आहे. सेशन बंद केले की तोवरचा मजकूर सर्वांना दिसू लागतो, पण पुढचे सेशन सुरू करण्याची वाट मोकळी ठेवता येते. फायनलाइझ करताना शेवटचे सेशन अशा रीतीने बंद होते की त्यापुढे काहीही लिहिता येत नाही. सीडी-आरच्या बाबतीत हा निर्णय कायमचा असतो आणि तो मागे घेण्याची सोय नाही. आपली सीडी फायनलाइझ झालेली नाही, पण तिचे प्रत्येक सेशन बंद झालेले आहे, म्हणून ती लेखापरीक्षकांकडे उघडते आणि पुढच्या वर्षी तिच्यात भरही घालता येते.

याला जागेची किंमत मोजावी लागते. पहिले सेशन बंद करताना लीड-इन आणि लीड-आउट मिळून सुमारे २२ एमबी जातात आणि त्यानंतरच्या प्रत्येक सेशनला सुमारे १३ एमबी जातात. वर्षाला एक याप्रमाणे दहा सेशन्स झाली तर ७०० एमबीपैकी जवळपास १४० एमबी केवळ अशा नोंदींतच संपतात. ज्यांना रोज एखादी छोटी फाइल जोडून सेशन बंद करायची सवय आहे, त्यांनी हा हिशेब अवश्य लक्षात घ्यावा. आणखी एक बाब म्हणजे गाण्यांच्या साध्या सीडी प्लेअरना बहुधा पहिलेच सेशन कळते, त्यामुळे ऑडिओ सीडीवर नंतर जोडलेली गाणी त्यांत वाजत नाहीत.

माझे स्वतःचे मत असे आहे की जी सीडी आपण दुसऱ्याच्या हातात देतो ती फायनलाइझ करूनच द्यावी, आणि जी आपल्या कपाटात राहणार तिच्यासाठी सेशन बंद करणे पुरेसे मानावे.

निदान_केंद्र_तंत्रज्ञ

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र ते मला अपुरे वाटते. मी एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या विभागात काम करतो. रुग्ण आमची सीडी घेऊन ज्या डॉक्टरांकडे जातात, त्यांचा संगणक कोणता आहे हे आम्हाला कधीच माहीत नसते. म्हणून सेशन बंद झाले की नाही याइतकाच, सीडी कोणत्या फाइल-पद्धतीत, म्हणजे फाइल्सची नावे व जागा नोंदवण्याच्या कोणत्या रीतीत लिहिली हा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा असतो.

धागाकर्त्यांनी निवडलेला 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हप्रमाणे' हा पर्याय यूडीएफ पद्धत वापरतो आणि विंडोज मुळात त्याची २.०१ ही आवृत्ती घेते. ती विंडोज एक्सपी आणि त्यापुढील संगणकांना वाचता येते. विंडोज २००० साठी १.५० आणि विंडोज ९८ साठी १.०२ ही आवृत्ती लागते. आज संगणकांच्या बाबतीत ही अडचण क्वचितच येते, पण एमपीथ्री वाजवणाऱ्या अनेक प्लेअरना आणि गाडीतल्या संचांना यूडीएफ मुळीच समजत नाही. त्यांना १९८८ पासून चालत आलेली आयएसओ ९६६० हीच पद्धत कळते. त्यासाठी विंडोज विचारते त्या वेळी 'सीडी किंवा डीव्हीडी प्लेअरसह' हा दुसरा पर्याय निवडावा लागतो. त्यात फाइल्स प्रथम संगणकावर प्रतीक्षेत जमा होतात, आणि आपण लेखनाची आज्ञा दिल्यावर सर्व एकदम लिहिल्या जाऊन सेशन तिथेच बंद होते. विसरण्याची शक्यताच राहत नाही, म्हणून वाटपाच्या सीडीसाठी मी हाच पर्याय सुचवीन.

फाइलची नावे देवनागरीत असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. मूळ आयएसओ ९६६० च्या पहिल्या पातळीत नाव आठ अक्षरांचे, पुढे तीन अक्षरांचे शेपूट आणि तेही फक्त रोमन मोठ्या अक्षरांत, अंकांत व अधोरेषेत चालते. आमच्या विभागातील सीडीवरील फाइल्सची नावे विचित्र दिसतात त्याचे कारणही वैद्यकीय प्रतिमांच्या मानकात हेच बंधन पाळलेले आहे हे होय. मायक्रोसॉफ्टच्या जोलिएट या जोडपद्धतीमुळे देवनागरी नावे लिहिता येतात, पण तिची मर्यादा ६४ चिन्हांची आहे, आणि इथे काना, मात्रा, वेलांटी व हलन्त हे प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जाते. 'प्रवचन' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पण संगणक तो प, हलन्त, र, व, च, न असा सहा चिन्हांचा मोजतो. 'चातुर्मास' हा शब्द तर नऊ चिन्हांचा होतो. त्यामुळे 'चातुर्मासातील प्रवचन, दिवस पहिला, पूर्वार्ध' अशा धर्तीची नावे पाहता पाहता मर्यादेजवळ पोहोचतात, आणि जुन्या प्लेअरच्या छोट्या पडद्यावर ती चौकोन किंवा प्रश्नचिन्हे होऊन दिसतात. फाइलला ०१, ०२ असे अंक द्यावेत आणि सविस्तर नाव सोबतच्या कागदी पत्रिकेवर छापावे, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

कर्वेनगर_पुणे (धागाकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आज दुपारी मी तेरावी प्रत घेऊन बसलो होतो आणि कारण सापडले आहे.

सीडी बाहेर काढताना दर वेळी दोन-तीन मिनिटे थांबावे लागत होते, हे मी पहिल्या दिवशी भाच्याला सांगितले होते. त्याने ड्राइव्हच्या गुणधर्मांमधील 'रेकॉर्डिंग' या भागात जाऊन एक खूण काढून टाकली आणि त्यानंतर सीडी लगेच बाहेर येऊ लागली. ती खूण म्हणजे सीडी बाहेर काढताना सेशन आपोआप बंद करण्याचीच होती. मला जो वेळ वाया जातो असे वाटत होते, त्याच वेळात पक्की खतावणी लिहिली जात होती. भाच्याने माझ्या सोयीसाठीच ते केले, आणि मीही त्याला त्याचा अर्थ विचारला नाही.

खूण परत केली, उजवी कळ दाबून 'क्लोज सेशन' निवडले आणि घड्याळ लावून पाहिले. दोन मिनिटे दहा सेकंद लागले. सेशन बंद करण्याआधी आणि नंतर सीडी ट्यूबलाइटखाली तिरपी धरून पाहिली. लिहिलेला भाग कोऱ्या भागापेक्षा किंचित गडद दिसतो आणि दोन्हींच्या मध्ये स्वच्छ गोल सीमारेषा असते. आधी आतल्या कड्याजवळ एक बारीक फिकट पट्टी होती, ती आता गडद झाली आहे, आणि बाहेरच्या बाजूची सीमारेषाही थोडी पुढे सरकली आहे. इतके दिवस ज्या नोंदीविषयी आपण लिहीत आहात, ती अशी डोळ्यांनी पाहता आली याचे मला फार समाधान वाटले.

तीच प्रत घेऊन संध्याकाळी चिंचवडला गेलो. मावसभावाच्या जुन्या डेस्कटॉपवर ती पहिल्या प्रयत्नात उघडली. मात्र त्याच्याकडच्या एमपीथ्री वाजवणाऱ्या संचात ती अजूनही चालत नाही. म्हणजे वर सांगितलेला यूडीएफचा मुद्दाही माझ्या बाबतीत तंतोतंत लागू आहे.

धनकवडी_मुंज_चित्रण

याच विषयाची एक वेगळी बाजू मांडते, कारण आमच्या घरातले नुकसान अजून भरून निघालेले नाही. २००७ साली माझ्या मुलाच्या मुंजीचे चित्रण आम्ही आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर लिहिणाऱ्या कॅमेऱ्याने केले होते. अशा डीव्हीडीत १.४ जीबी, म्हणजे चांगल्या दर्जाचे सुमारे अर्ध्या तासाचे चित्रण मावते. तीन डीव्हीडी झाल्या, त्यांपैकी एकच फायनलाइझ केली गेली आणि मग कॅमेरा बिघडला. उरलेल्या दोन डीव्हीडी कोणत्याही संगणकावर शून्य बाइट दाखवतात. दुकानात सांगितले की त्या कोऱ्याच आहेत, पण प्रकाशात धरल्यावर लिहिलेले वलय स्पष्ट दिसते. त्या वलयात मुलाच्या आजोबांचे शेवटचे चित्रण आहे, म्हणून विचारते.

तापकीर_गल्ली

ताई, कृपया कोणत्याही सॉफ्टवेअरने त्या डीव्हीडी परस्पर फायनलाइझ करू नका. कॅमेरा किंवा टीव्हीजवळचा डीव्हीडी रेकॉर्डर फायनलाइझ करतो तेव्हा तो केवळ सेशन बंद करीत नाही, तर चित्रणाची प्रकरणे आणि फाइल्सची मांडणीही त्याच वेळी लिहितो. संगणकावरून नुसते सेशन बंद केले तर ती मांडणी लिहिली जाणार नाही आणि एकदा डिस्क बंद झाल्यावर ती दुरुस्त करण्याची संधीही जाईल. आधी मजकूर वाचून बाहेर काढायचा, डिस्कवर काहीही लिहायचे नाही, हा क्रम सोडू नका.

केवळ वाचणाऱ्या ड्राइव्हऐवजी डीव्हीडी रायटर वापरा, कारण अपूर्ण डिस्कचे वलय त्यालाच दिसते. आयसोबस्टरसारखी सॉफ्टवेअर सूचीवर अवलंबून न राहता सरळ वलयातील चित्रण शोधतात आणि संगणकावर उतरवतात. छोटी डीव्हीडी ट्रे असलेल्या ड्राइव्हच्या मधल्या खोलगट भागातच ठेवावी. फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती चुकूनही घालू नये, ती आत अडकते. एकाच जातीचा दुसरा कॅमेरा मिळाला तर त्यात फायनलाइझ होण्याची शक्यता असते, पण तो प्रयोग चित्रण संगणकावर उतरल्यानंतरच करावा.

शिवाजीनगर_वकील

न्यायालयीन कामात सीडी सादर करणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली देत असू. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ६३ लागू झाले असून त्याच्या अनुसूचीतील नमुन्यात हॅश मूल्य (मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, मजकूर बदलला की तीही बदलते) आणि ते कोणत्या पद्धतीने काढले हे नोंदवावे लागते. सीडी उघडी ठेवली तर तिच्यात नंतर भर घालता येते, आणि मग संपूर्ण सीडीचे हॅश मूल्य बदलते. म्हणून मी अशिलांना फायनलाइझ केलेलीच सीडी आणायला सांगतो. आपण हॅश फायलींचे काढता की संपूर्ण डिस्कचे, हेही आधीच ठरवून घ्यावे.

लिनक्स_वारजे

लिनक्सवर के-थ्री-बी हे डिस्क लिहिण्याचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी लेखनाच्या खिडकीत मल्टिसेशनचा, म्हणजे पुढच्या सेशनसाठी डिस्क उघडी ठेवण्याचा पर्याय बंद ठेवावा, म्हणजे डिस्क एकाच लेखनात बंद होते. विंडोजवर इमेजबर्न हे तसेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना साधनांच्या यादीत ड्राइव्हखाली ट्रॅक, सेशन किंवा डिस्क बंद करण्याचे तीन वेगळे पर्याय मिळतात. लेखनानंतरची पडताळणी दोन्हींत आहे, पण ती त्याच रायटरवर होते, त्यामुळे दुसरीकडे डिस्क उघडेल याची ती खात्री देत नाही. मी केवळ वाचणारा एक जुना ड्राइव्ह खास तपासणीसाठी जपून ठेवला आहे. डीव्हीडीवर मजकूर थोडा असेल तर फायनलाइझ व्हायला उलट जास्त वेळ लागतो, कारण ठरावीक अंतरापर्यंतची रिकामी जागाही भरली जाते. त्या वेळी संगणक अडकला असे समजून तो बंद करू नये.

औंध_वाचक

तपासणीसाठी वेगळा ड्राइव्ह ठेवण्याची सूचना मोलाची आहे. मीही सोसायटीच्या कार्यालयातील जुन्या संगणकावर आमची सीडी लावून पाहिली. सर्व वर्षांच्या सभा दिसल्या, परंतु पहिल्या दोन वर्षांच्या फाइल्स उघडायला बराच वेळ लागला. त्या मी आजच दुसऱ्या सीडीवर उतरवून घेतल्या.

कर्वेनगर_पुणे (धागाकर्ता)

शेवटची माहिती कळवतो. मी बारा नव्या सीडी लिहिल्या. या वेळी 'सीडी किंवा डीव्हीडी प्लेअरसह' हा पर्याय घेतला, फाइल्सना ०१ ते २२ असे अंक दिले आणि कोणत्या अंकाला कोणते प्रवचन, हे एका पत्रिकेवर छापून प्रत्येक पाकिटात ठेवले. प्रत्येक सीडी देण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या केवळ वाचणाऱ्या ड्राइव्हवर पहिली, अकरावी आणि बाविसावी फाइल वाजवून पाहिली. एक सीडी बाविसाव्या फाइलवर अडखळली, म्हणून ती बाजूला काढून पुन्हा लिहिली.

चिंचवडच्या संचात आता सर्व प्रवचने वाजतात. साताऱ्याच्या आत्यांनी काल रात्री फोन करून रिसीव्हर प्लेअरजवळ धरला. प्रवचनाआधी खाकरून घसा साफ करण्याची वडिलांची सवय पहिल्या फाइलच्या सुरुवातीलाच ऐकू येते, ती त्यांनी बरोबर ओळखली.

जुन्या प्रतींपैकी नऊ परत आल्या असून त्यांचे सेशन मी बंद केले आहे. त्या मी टाकून देणार नाही, पण पाकिटावर 'फक्त संगणकासाठी' असे लिहिले आहे. मिरजेची प्रत शनिवारी भाच्याबरोबर एसटीने येत आहे, आणि ती मी त्यालाच बंद करायला लावणार आहे.